गेन बहात्तर, डॅम्पर दहा

नवी गाडी घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये सगळ्यात आधी काय करतो? आत बसतो, सीट मागेपुढे करतो आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवून बघतो. ते एका बोटात फिरलं की त्याचा चेहरा खुलतो. मागून बायको विचारते, "जड नाही ना?" हा म्हणतो, "छे, काही कळतच नाही." मग सेल्समनला जोर चढतो. खड्डा कळत नाही सर, स्पीडब्रेकर कळत नाही, इंजिन चालू आहे की बंद तेही कळत नाही. एकूण आपण गाडीत बसलो आहोत हेच कळू नये म्हणून माणूस वरचं मॉडेल घेतो आणि त्याचे लाख-दीड लाख आनंदाने जास्त मोजतो.

याच गृहस्थाला रात्री जेवणं उरकल्यावर बघावं. डायनिंग टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं एक स्टिअरिंग असतं, त्याच्या मागे मोटार असते, आणि त्या मोटारीचं कामच मुळी कळवणं हे असतं. इटलीत मोंझाच्या पहिल्या शिकेनला गाडीचं उजवं चाक कर्बवर चढलं, तर ते कोथरूडमध्ये मनगटात कळलं पाहिजे. नाही कळलं तर हा अस्वस्थ होतो. कळलं तर जास्तच अस्वस्थ होतो, कारण जे कळलं ते खऱ्यासारखं होतं का, हा प्रश्न उरतोच. तो सोडवायला रात्र पुरत नाही.

या कळवण्याला फोर्स फीडबॅक म्हणतात आणि माझा भाचा त्याच्या पूर्ण आहारी गेलेला आहे. तो हिंजवडीला नोकरी करतो. रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गाडीत, खऱ्या खड्ड्यांत काढतो आणि घरी येऊन खऱ्यासारखं काही मिळतंय का ते शोधत बसतो. हा शोध ज्यात चालतो त्याला 'गेम' म्हटलेलं त्याला खपत नाही. "मामा, सिम म्हण. सिम्युलेटर." शर्यती मात्र तो फारशा खेळत नाही. गाडी बाहेर काढतो, तीन वळणं घेतो, थांबतो, एक आकडा बदलतो, परत तीच तीन वळणं घेतो. चौथं वळण त्याने पाहिलं आहे की नाही याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

या छंदाला पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची गिअरवाल्या स्टिअरिंगची. लॉजिटेकचं जी२९ हे त्यातलं घराघरांतलं नाव. आत दोन लहानशा मोटारी, त्यांना तिरक्या दात्यांचे गिअर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश म्हणजे अडीच फेरे, आणि जोर साधारण २ न्यूटन मीटर. न्यूटन मीटर म्हटल्यावर ज्यांना दहावीचं विज्ञान आठवून घाम फुटला त्यांच्यासाठी सोपा हिशोब सांगतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेला २ न्यूटन मीटर म्हणजे सव्वा-दीड किलोची ओढ, ८ म्हणजे साडेपाच किलोची आणि २५ म्हणजे सतरा किलोची. गिअरवाल्याची खोड एकच, तो गप्प बसत नाही. कर्ब आला की दाते दात्यांवर आपटतात आणि खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघायला लागतात.

त्याच्या वरची पायरी बेल्टवाल्यांची. थ्रस्टमास्टरचं टी३०० त्यातलं. आवाज कमी, ओढ जास्त. आणि सगळ्यात वर डायरेक्ट ड्राइव्ह. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही, मोटारीच्या दांड्यालाच स्टिअरिंग. इथे पोचलेला माणूस खालच्या पायऱ्यांवरच्यांना सल्ला देतो, त्यांनी विचारला नसला तरी. फॅनाटेकचं सीएसएल डीडी २०२१ मध्ये आलं ते ५ न्यूटन मीटरचं. ८ हवे असतील तर काय करायचं? मोटार तीच ठेवायची, फक्त भिंतीत लावायचा अडॅप्टर मोठा विकत घ्यायचा. म्हणजे वरचे ३ न्यूटन मीटर पहिल्यापासून आतच होते, त्यांना बाहेर बोलवायचे वेगळे पैसे. धंदा कसा करावा हे लक्ष्मी रोडनेही यांच्याकडून शिकावं.

फिनलंडच्या सिम्युक्यूब २ प्रोची मजल २५ न्यूटन मीटरपर्यंत जाते. त्याच्यासोबत एक लाल रंगाचं इमर्जन्सी स्टॉपचं बटण येतं. मनगट वाचवायचं असेल तर दाबायला. भाच्याने त्याचं चित्र दाखवलं तेव्हा आमचे दाजी शेजारीच होते. त्यांचं भोसरीला मशीन शॉप आहे. ते चष्मा वर करून म्हणाले, "हे आमच्याकडे पण आहे." आणि ते खोटं नव्हतं. घराघरांत बसणारे सुरुवातीचे बरेच डायरेक्ट ड्राइव्ह हौशी लोकांनी बनवले. सीएनसी यंत्रांना लागणाऱ्या चिनी सर्वो मोटारी मागवायच्या, त्यांच्या दांड्याला स्टिअरिंग ठोकायचं आणि पुढचं सगळं सॉफ्टवेअरवर सोडायचं, असा तो कारभार होता. भाच्याने हा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगितला. दाजींनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "फरक एवढाच, आमच्याकडे त्या मोटारीवर माल निघतो."

भाच्याकडे सध्या ८ न्यूटन मीटरचं आहे. तेही चेष्टा नाही. गाडी भिंतीवर आदळली की पुढची चाकं हिसडा खातात आणि तो हिसडा मोटार इमानदारीने टेबलापर्यंत पोचवते. अंगठा आऱ्यांच्या आत असेल तर त्याचं काही खरं नाही. म्हणून अपघात अटळ दिसला की हात सोडायचे असतात. खऱ्या शर्यतीतले ड्रायव्हरही मनगट वाचवायला तेच करतात. भाचा ते इतकं मनापासून करतो, की दारातून आत येणाऱ्याला बैठकीच्या खोलीत एक सुशिक्षित तरुण संगणकासमोर दोन्ही हात वर करून बसलेला दिसतो आणि घरावर छापा पडलाय की काय असं वाटतं.

पण या मोटारीने नेमकं कळवायचं तरी काय? नवशिक्याला वाटतं, थरथर कळवायची. स्टिअरिंग जितकं थडथडेल तितकं खरं. प्रत्यक्षात जी बातमी महत्त्वाची असते ती थरथरीतून येत नाही, ताणातून येते. संक्रांतीला येवल्यात गच्चीवर उभा असलेला माणूस पतंगाकडे बघतोय असं आपल्याला वाटतं. तो बोटाने बघत असतो. मांजा ताठ झाला, सैल पडला, वारा फिरला, कुणी काटायला आला, हे बोटाला आधी समजतं आणि डोळ्याला मागाहून. स्टिअरिंगची गोष्ट हीच. वळण घेताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित पिळला जातो. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडीची चाल काही अंश दुसरीकडे असते. जमीन त्या टायरला बाजूने ढकलते, पण बरोबर मध्यावर ढकलत नाही, थोडं मागच्या अंगाला ढकलते. त्यामुळे चाकाला सरळ होण्याची ओढ लागते. पुढच्या चाकांची बैठक मुळातच मागे कललेली ठेवतात, ती या ओढीत भर घालते. वेग वाढला, वळण आवळलं की ओढ वाढत जाते आणि हातांना भार जाणवतो.

आता यातला खरा मासला बघा. टायरची पकड कमाल होण्याच्या थोडं आधीच ही ओढ उतरायला लागते. पकड अजून शिल्लक आहे, गाडी अजून वळते आहे, पण हातातला भार हलका होऊ लागलेला असतो. हीच ती बातमी. आणखी वळवलंस तर चाक ऐकणार नाही, गाडी नाकासमोर निघून जाईल, एवढा मजकूर त्या हलकेपणात असतो. ज्याला तो वाचता येतो तो पाय उचलतो. ज्याला येत नाही तो कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "ऐन वळणात स्टिअरिंग मेलं. गेन वाढवायला हवा."

आणि इथून अध:पतन सुरू होतं. गेन म्हणजे जोराचा आकडा. तो शंभरावर नेला की काय होतं? समजा सिममधली गाडी म्हणाली, या वळणावर १० न्यूटन मीटर दे. मोटार ८ची आहे. ती ८ देते. गाडीने १२ मागितले, तरी ८. १४ मागितले, तरी ८. म्हणजे भार जिथे वाढून मग उतरणार आणि ते उतरणं हाताला समजणार, त्या ऐन जागी हाताला फक्त एक सपाट भिंत लागते. याला क्लिपिंग म्हणतात. आयरेसिंग नावाच्या सिममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एफ अक्षराची बारीकशी पट्टी असते, मोटारीची ताकद संपली की ती लाल होते. त्याच सिममध्ये एक 'ऑटो' नावाचं बटणही आहे. थोडं फिरून आलात की ते तुमच्या मोटारीला झेपेल असा आकडा स्वतःच ठरवून देतं. त्यावर विश्वास ठेवणारा ट्यूनर मला अजून भेटायचा आहे. यंत्राने सुचवलेल्या आकड्यात दोन मिळवले किंवा दोन वजा केले, की मगच तो आकडा आपला वाटतो.

जोर कमी केला की जास्त कळतं, हे पटायला मन फार मोठं लागतं. भरलेल्या पैशांचा विचार आडवा येतो. ८चे पैसे दिले आणि बहुतेक वेळ ३-४च वापरायचे? मग वरचे कुणासाठी? भाच्याला मी हे विचारलं तर म्हणाला, "मामा, ते हेडरूम असतं." ज्यांच्याकडे टू बीएचके घेऊन एक खोली कायम बंद ठेवण्याची ऐपत आहे, त्यांना हे लवकर समजत असावं. सिममध्ये खरोखर वेगवान असलेले पुष्कळ लोक जोर बेताचाच ठेवतात, हे भाच्यालाही माहीत आहे. त्याला ते लोक रसिक वाटत नाहीत.

गेन एकच असता तर हा माणूस एव्हाना सुधारला असता. पण गेन चार ठिकाणी असतो. स्टिअरिंगच्या स्वतःच्या मेनूत एक, संगणकातल्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, सिममध्ये तिसरा आणि त्या-त्या गाडीचा म्हणून चौथा. चौघांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. एकाने वाढवलं की दुसऱ्याकडे कमी करावं लागतं, आणि तिसऱ्याने आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. शिवाय फॅनाटेकसारख्यांच्या इवल्याशा पडद्यावर सगळी नावं दोन-तीन अक्षरांत: एसईएन, एफएफ, एनडीपी, एनएफआर, एनआयएन, आयएनटी, एफईआय. यातला एनडीपी म्हणजे डॅम्पर, तो स्टिअरिंग जलद फिरू देत नाही. एनएफआर म्हणजे घर्षण, ते सावकाशही फिरू देत नाही. एनआयएनने नसलेलं वजन येतं. ज्या मोटारीने गिअर आणि पट्ट्याची अडगळ काढून टाकली म्हणून लाखाच्या घरात पैसे मोजले, तिच्यात तीच अडगळ आता आकड्यांनी परत भरायची. डॅम्पर अगदी शून्य ठेवून चालत नाही हेही खरं. सरळ रस्त्यावर दोनशेच्या वेगात हात सोडले, तर स्टिअरिंग आपलं आपण डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायला लागतं आणि झोके वाढत जातात, कारण संगणकाचं उत्तर मोटारीपर्यंत यायला क्षणाचा उशीर होतो आणि तेवढ्यात स्टिअरिंग पुढे निघून गेलेलं असतं. नुसते हात ठेवले की ते थांबतं. पण हात ठेवून बघण्यापेक्षा हात सोडून बघायची हौस जास्त, म्हणून डॅम्पर.

भाच्याकडे एक वही आहे. शाळेतली, आखीव, लांबट. ती मी एकदा चाळली. "गेन ७०, डॅम्पर १५. बरं. जरा गोड." खाली: "डॅम्पर ८. कर्ब छान, सेंटर मेलं." खाली: "गेन ७२, डॅम्पर १०. हेच! हात लावायचा नाही." त्याखाली दोन रेघा मारलेल्या. पान उलटल्यावर पहिलीच ओळ: "गेन ६८. काल काय सुचलं होतं देव जाणे." एका पानावर नुसतं "रबरी" एवढंच लिहिलं होतं आणि त्याच्या शेजारी चहाच्या कपाचा गोल डाग. आपले आकडे तो जर्मनीत असलेल्या मित्राला पाठवतो, तो त्याचे पाठवतो. दोघांची स्टिअरिंगं वेगळी, सिम वेगळी, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या उपयोगाचे नसतात, पण देवाणघेवाणीत खंड पडत नाही.

यापूर्वी त्याच्याकडे गिअरवालं होतं तेव्हाचा प्रकार निराळा होता. गिअरमधल्या घर्षणामुळे हलका जोर आतच जिरतो, बाहेर येतच नाही, आणि स्टिअरिंगच्या मध्यावर एक बधिर पट्टा तयार होतो. त्यासाठी 'मिनिमम फोर्स' नावाचा आकडा असतो: कितीही कमी जोर मागितला तरी निदान इतका द्या. तो बरोबर किती हवा ते शोधायला व्हीलचेक नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते मोटारीला एक-एक पायरी वाढवत ढकलतं, स्टिअरिंग किती हललं ते मोजतं आणि आकड्यांची फाइल तयार करतं. त्या फाइलवरून असेटो कोर्सा या सिमसाठी एक तक्ता बनवायचा, की बधिरपणा गेला. हे काम चालू असताना स्टिअरिंगला हात लावायचा नसतो. ताई पहाटे पाणी भरायला उठली, तर अंधारात टेबलावरचं स्टिअरिंग एकटंच मिनिटामिनिटाने इंचभर फिरत होतं आणि भाचा शेजारच्या खुर्चीत घोरत होता. तिने आधी देवाजवळ दिवा लावला आणि मग त्याला उठवलं.

आता मुद्द्याचं. एवढं करूनही भाच्याचं समाधान का होत नाही, यावर माझं एक मत आहे. गाडी चालवण्यात शरीराच्या ज्या भागाचा वाटा सगळ्यात मोठा आणि ज्याचा जाहीर सत्कार कधीच होत नाही, तो म्हणजे बूड. मागची चाकं सुटायला लागली हे खऱ्या ड्रायव्हरला पहिल्यांदा तिथे कळतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळतं. स्टिअरिंगला पुढच्या चाकांपलीकडचं फारसं काही माहीत नसतं. भाच्याची खुर्ची मात्र ऑफिसची. ती जागची हलत नाही. हललीच तर चाकांवरून मागे घरंगळते, कारण ब्रेक जोरात दाबला की पेडल आणि माणूस विरुद्ध दिशांना जातात. म्हणजे बुडाची ड्यूटीसुद्धा हातांच्याच अंगावर पडते.

यावरून दोन पंथ पडले आहेत. एक सोवळ्याचा: स्टिअरिंगच्या दांड्यात प्रत्यक्ष जेवढा पीळ येईल तेवढाच हातात द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही. आयरेसिंगचा कल या बाजूला. दुसरा पंथ म्हणतो, माणूस खुर्चीत निश्चल बसलाय, त्याला मागच्या चाकांची खबर कोण देणार? मग थोडी हातांतूनच द्या. २०१५च्या प्रोजेक्ट कार्स या सिममध्ये यासाठी एसओपी नावाचे वेगळे आकडेच होते. गाडीच्या मागच्या अंगाची हालचाल स्टिअरिंगमध्ये मिसळायची सोय. खऱ्या गाडीत असं काही नसतं, पण चालवताना मात्र हेच जास्त खरं वाटतं. सोवळ्यातले लोक याला भेसळ म्हणतात. मी तटस्थ आहे, पण मला विचाराल तर भेसळवाल्यांचं जेवण जास्त जातं. तिसरा एक उपपंथ आहे तो खुर्चीखालीच थरथरणारे ट्रान्सड्यूसर बसवतो आणि बुडाचं खातं बुडाकडे परत देतो. भाचा सध्या त्या वाटेवर आहे.

आणि खरं म्हणजे कुणासारखं खरं? भाच्याने पोर्शं ९११ची जीटी३ गाडी चालवलेली नाही. तिच्यात बसलेला नाही. जर्मनीतलं न्युर्बुर्गरिंग, ते २०.८ किलोमीटरचं जंगलातलं नॉर्डश्लाइफ, त्याने पाहिलेलं नाही. सिमवाल्यांनी ते लेझरने इंच-इंच मोजून आणलंय, त्यामुळे कारुसेल नावाच्या वळणातली काँक्रीटची सांध-सांध त्याला पाठ आहे. पण ती सांध हातात किती जोराने यावी, याचं प्रमाणपत्र तो कशाच्या आधारावर देतो? बरं, खऱ्या शर्यतीतही एक खरं नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असतं. तिच्या खालच्या फॉर्म्युला टूला ते नसतंच. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०२०पासून फॉर्म्युला टूत धावला, तो सगळा भार स्वतःच्या दंडांवर घेऊन. अमेरिकेतल्या इंडीकारचंही तेच. म्हणजे वरच्या वर्गात बढती मिळाली की स्टिअरिंग हलकं होतं. आपल्याकडे साहेबांचं होतं ते इथेही.

आमच्या जुन्या मारुती ८००ला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पार्किंगमध्ये ती घाम काढायची, पण कात्रजच्या घाटात रस्त्यावरची खडी अन् खडी हातात सांगायची. आता बहुतेक छोट्या गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. स्टिअरिंगला आतून एक मोटार लावलेली. म्हणजे मोटार दोन्हीकडे आहे. गाडीतली मोटार रस्ता पुसते आणि टेबलावरची रस्ता लिहिते. हिंजवडीच्या खड्ड्यांतून पहिली भाच्याला सुखरूप घरी आणते आणि घरी आल्यावर दुसरी त्याच्याकडून त्याची किंमत वसूल करते.

पुढची बातमी तर याहून बहारीची आहे. इन्फिनिटी क्यू५० ही गाडी २०१३ मध्ये आली तेव्हापासून खऱ्या गाड्यांतही स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामधलं बोलणं तारेने व्हायला लागलं. तिच्यात अडीअडचणीला म्हणून निदान लोखंडी दांडा शिल्लक होता. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तोही नाही. चालवणाऱ्याच्या हाताला जो भार लागतो तो टायरकडून थेट आलेला नसतो. तो एक मोटार तयार करते. आणि तो किती असावा, हे कंपनीतला कुणी इंजिनिअर आकडे बदलून-बदलून ठरवतो. बहुधा त्याच्याकडेही एक वही असेल आणि तिच्यातही एखाद्या पानावर "रबरी" लिहिलेलं असेल. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण त्यांच्याकडे किती न्यूटन मीटर असतील?"

या सगळ्यावर अधिकाराने बोलू शकेल असा माणूस आमच्या इमारतीतच निघाला. खालच्या मजल्यावरचे काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आयुष्य भोरमार्गे महाडला जाणाऱ्या गाड्यांवर गेलं, म्हणजे वरंध घाट तोंडपाठ, आणि तोही बिनपॉवरच्या स्टिअरिंगवर, पावसाळ्यासकट. रात्री पावणेबाराला ते वर आले ते तक्रार घेऊन. खुर्चीखाली पहिला ट्रान्सड्यूसर त्याच दिवशी बसला होता. "आमच्या छताचा पंखा हलतोय," ते म्हणाले. भाच्याने माफी मागितली आणि लगोलग त्यांना खुर्चीतच बसवलं. छंदी माणसाला समोरचा भांडायला आलाय की बघायला, यातला फरक कळत नाही.

काकांनी आधी स्टिअरिंगचा व्यास बघितला आणि हसू दाबलं. मग दोन्ही हातांनी नीट धरलं, पाठ ताठ केली, बाजूच्या आरशात बघितलं. आरसा पडद्यातला होता, पण त्यांनी मान वळवूनच बघितलं. गाडी सुरू झाली. पहिल्या शंभर मीटरात ते थांबले.

"हे हादरतंय का एवढं?"

"रोड इफेक्ट आहे काका. रस्त्याचा फील."

"रस्ता कुठं खराब दिसतोय? टायरॉड एंड गेलाय याचा. गाडी बाहेर काढायची नाही अशी."

भाच्याने रोड इफेक्ट शून्य केला. काकांनी मान हलवली. "अजून आहे." कर्ब इफेक्ट गेला. स्लिपचा गेला. ज्या-ज्या आकड्यांसाठी वहीची पानं भरली होती ते काकांनी किंगपिन खराब, बेअरिंग खराब असे शेरे मारत एकामागून एक उतरवले. शेवटी उरली फक्त टायरची ओढ. मग ते म्हणाले, "आता ठीक," आणि गाडी हाकायला लागले. वेग ऐंशीच्या आसपास, एकसारखा. मागच्या सगळ्या पोर्शं, फेरारी त्यांना ओलांडून गेल्या; त्यांनी प्रत्येकीला उजवीकडून वाट दिली. एका उताराच्या वळणावर मात्र वेग जरा चढला. भाचा "काका, ब्रेक" म्हणायला तोंड उघडणार, तोवर काकांचा पाय उचललाही गेला होता. गाडी किंचित बाहेर गेली आणि गपचूप वळली.

"तुम्हाला कसं कळलं?" भाच्याने विचारलं.

"हलकं लागलं की," काका म्हणाले. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता. "पुढची चाकं सोडायला लागली की हलकंच लागतंय. पावसात तर लईच."

भाचा वही शोधायला लागला. एवढ्यात काकांच्या पुढे एक गाडी आली. आधी कुठेतरी फिरून पडलेली, आता सावकाश चाललेली. काका तिच्या मागे लागले. डाव्या हाताने ते स्टिअरिंगच्या मधोमध काहीतरी चाचपू लागले. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तळहाताने थोपटलं.

"हॉर्न कुठंय याचा?"

"काका, रेसच्या गाडीला हॉर्न नसतो."

"नसतो?" त्यांनी पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून भाच्याकडे बघितलं. "मग पुढच्याला सांगायचं कसं, की आम्ही आलोय म्हणून?"

"लाइट मारायचा. हे बटण."

काकांनी इंडिकेटरसाठी बोटांनी चाचपलं, तोही सापडला नाही, तेव्हा गाडी अलगद डाव्या बाजूला गवतात घेऊन उभी केली. पडद्यावर कडकडीत ऊन पडलं होतं. ते त्यांनी नीट बघून घेतलं आणि विचारलं, "दिवसा?"